क्रियापदामागून चालणारे उपसर्ग

परभाषेचें आपलें ज्ञान किती पक्कें आहे, हें गुणपत्रिकेवरून कळत नाहीं. तें अडचणीच्या वेळीं कळतें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या कसालच्या घरीं याचा जो प्रत्यय आला, तो आधीं सांगून मग या महिन्याच्या विषयाकडे वळावें, असें आम्हीं योजिलें आहे. गोष्ट आमच्या फजितीची आहे खरी. परंतु इंग्रजी शिकलेल्या कोणत्याहि घरांत ती घडण्यासारखी असल्यामुळें ती झांकून ठेवणें आम्हांला प्रशस्त वाटत नाहीं.

कसाल हें मुंबई-गोवा महामार्गावरील गांव. मालवणाकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. तिठ्यापासून आंत, माडांच्या आड आमचें जुनें घर आहे आणि त्यांत अद्यापि चार पिढ्या एकत्र नांदत आहेत. आबा, म्हणजे आमचे वडील, ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांची धाकटी बहीण, आमची आत्या, एरवीं मालवणास राहते. पण त्या दिवसांत ती आपल्या मुलाकडे इंग्लंडांत लीड्स शहरीं गेली होती. तेथील तिची सून जन्मानें इंग्रज. मुलगी मोठी मायाळू, पण तिचें मराठी "जेवलांत का?" एवढ्यावर संपतें, आणि आत्याचें इंग्रजी 'येस' व 'थँक्यू' यांवर.

एका रात्रीं पाऊस कोसळत होता, वीज गेली होती, आणि अशा वेळीं या सुनेचा इंग्रजी संदेश आमच्या फोनवर येऊन पडला. नवरा कामानिमित्त दुसऱ्या देशीं गेलेला असल्यानें तिनें तो स्वतःच लिहिला होता. संदेशांत पांचच वाक्यें होतीं. आई स्टेशनवर 'पास्ड आउट'. थोड्या वेळानें ती 'केम राउंड'. आजची रात्र इस्पितळांत तिला 'कीपिंग इन' आहेत. ती 'पुल थ्रू' करील, काळजी नसावी. आणि रविवारचा समारंभ 'पुट ऑफ' केला आहे.

आमचा पुतण्या बारावींत आहे. इंग्रजींत त्याला नव्वदांवर गुण पडतात. कंदिलाच्या उजेडांत ओटीवर सारीं माणसें जमलीं आणि त्यानें वाचावयास आरंभ केला. 'पास आउट' हा शब्द त्याच्या कानांवरून गेलेला होता, पण तो महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणें या अर्थानें. पंचाहत्तर वर्षांच्या आत्यानें स्टेशनवर कोणती पदवी घेतली, हें त्याला उमगेना. मग निधनवार्तांतला 'पास्ड अवे' त्याला आठवला. 'अवे' म्हणजे दूर, 'आउट' म्हणजे बाहेर; प्राण दूर गेले काय आणि बाहेर गेले काय, एकच! त्याचा चेहरा उतरला. 'केम राउंड' म्हणजे फिरून आली. तेव्हां तिला गाडींतून फिरवून आणली असावी. 'कीपिंग इन' म्हणजे आंत ठेवीत आहेत. कशाच्या आंत, तें विचारण्याचें कोणाला धैर्य झालें नाहीं. तिसऱ्या वाक्यापुढें त्याला वाचवेना, आणि आम्हां कोणाला ऐकवेना.

आणि आम्ही? या सदरांतून दर महिन्यास भाषेच्या चार गोष्टी सांगणारे आम्ही चष्मा शोधण्याचीहि तसदी न घेतां डोक्याला हात लावून बसलों. उलट फोन लावावा, तर पावसानें संपर्क तुटलेला. आबा उठून देवघरासमोर जाऊन बसले. चुलीवरचा भात तसाच राहिला. सुतकाचा विषय कोणीतरी हलक्या आवाजांत काढला, तेव्हां मात्र धाकटी भावजय स्वयंपाकघरांतून हात पुसत बाहेर आली. माहेरीं असतांना वाचनालयांतील इंग्रजी कादंबऱ्यांचीं कपाटें तिनें पालथीं घातलीं होतीं. पण त्या रात्रीं "तूं वाच पाहूं" असें तिला कोणी म्हटलेंच नव्हतें. "बाळ, तो फोन इकडे दे," ती म्हणाली. पांचहि वाक्यें तिनें शेवटपर्यंत वाचलीं आणि सरळ देवघराच्या दाराशीं जाऊन सांगितलें, "मामंजी, आत्याबाई सुखरूप आहेत. चक्कर येऊन शुद्ध गेली होती, ती लगेच आली. खबरदारी म्हणून आजची रात्र इस्पितळांत ठेवून घेतलें आहे. रविवारचा समारंभ तेवढा पुढें ढकलला आहे."

दुसऱ्या दिवशीं दुपारीं फोन लागला तेव्हां आत्याच बोलली. "काय रे, मी गेल्यें होत्यें म्हणे! मग तेराव्याला लाडू कसले करणार होतांत?" आबा हंसले, पण फोन धरलेला त्यांचा हात कांपत होता, हें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं.

मुलाला आम्ही दोष देत नाहीं. त्या पांच वाक्यांत त्याला न येणारा असा एकहि शब्द नव्हता. 'पास', 'कम', 'कीप', 'पुल', 'पुट' हीं क्रियापदें आणि 'आउट', 'राउंड', 'इन', 'थ्रू', 'ऑफ' हे चिमुकले शब्द त्यानें प्राथमिक शाळेंतच पाठ केले होते. महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवितात. म्हणजे जवळजवळ बारा वर्षें तो ही भाषा शिकत आला आहे. शब्द सारे ओळखीचे आणि वाक्य मात्र अनोळखी, अशी जी स्थिति होते, तिचें कारण शब्दांत नसून त्यांच्या जोडणींत आहे. एक साधें क्रियापद घ्यावयाचें, त्याच्यामागून एक लहानसें अव्यय लावावयाचें, आणि दोघांचा मिळून तिसराच अर्थ करावयाचा, ही इंग्रजीची जुनी खोड आहे.

या जोडीला इंग्रजींत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ सालीं आपला सुप्रसिद्ध कोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेंतच त्यांनीं कबूल केलें आहे कीं, परकीयांना इंग्रजी शिकतांना सर्वांत मोठी अडचण पडते ती या जोडक्रियापदांची. अडचण इतकी जुनी असून तिचें हें नांव मात्र बरेंच अलीकडचें आहे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनीं १९२५ सालीं 'वर्ड्स अँड इडियम्स' या आपल्या पुस्तकांत तें योजिलें, आणि ऑक्सफर्डच्या महाकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं तें सुचविल्याचें नमूद केलें. इंग्रजांना स्वतःला नांवाची फारशी गरजच नव्हती. मूल आईच्या मांडीवर जें शिकतें, त्याला नांव कशाला लागतें?

पुढें १९३० सालीं सी. के. ऑग्डन यांनीं परकीयांसाठीं 'बेसिक इंग्लिश' या नांवाची एक सोपी इंग्रजी तयार केली. तिच्यांत शब्द अवघे ८५० आणि त्यांपैकीं क्रियापदें अवघीं १८. एवढ्यांत संसार कसा चालावा? तो चालविला या जोडणीच्याच युक्तीनें. 'गिव्ह', 'गेट', 'पुट', 'टेक' यांच्यामागून लहान शब्द लावून इतर शेंकडों क्रियापदांचें काम भागविलें. 'एंटर' नको, 'गो इन' म्हणा. 'सरेंडर' नको, 'गिव्ह अप' म्हणा. शब्दांची संख्या घटली. पण शिकणाऱ्याचें ओझें खरोखर घटलें का? 'गिव्ह' येतें आणि 'अप' येतें, म्हणून 'गिव्ह अप' आपोआप येतें असें नाहीं. यादींतून काढलेली अडचण जोडणींत जाऊन बसली, इतकेंच.

परंतु हें पाहून कपाळाला आठ्या घालण्याचा आपल्याला तरी काय अधिकार आहे? आपल्याच माजघरांत उभे राहून घटकाभर कान देऊन ऐकावें. भूक लागते, झोप लागते, ठेंच लागते, आग लागते, नोकरी लागते, चोराचा पत्ता लागतो आणि मूल चालूं लागतें. या साऱ्या 'लागण्या'चा मिळून एक अर्थ कोणी सांगावा! 'पाहणें' म्हणजे डोळ्यांनीं पाहणें. पण वाट पाहावयाची ती डोळे मिटूनहि पाहतां येते, भाजीचें मीठ चाखून पाहतात तें जिभेनें, आणि "तुला पाहून घेईन" असें कोणी म्हटलें तर तो भेटीचा आनंद नव्हे. 'करून दिलें' म्हणजे दुसऱ्यासाठीं, 'करून घेतलें' म्हणजे आपल्यासाठीं, 'करून टाकलें' म्हणजे एकदांचें उरकलें, आणि 'करून बसलों' म्हणजे आतां पश्चात्ताप! क्रिया एकच, मागून आलेल्या सोबत्यानें तिचा सूर पालटला. मोरो केशव दामले यांनीं १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त अशा संयुक्त क्रियापदांचा विचार केला आहे. व्याकरणाची आवड असणाऱ्यांनीं तो मुळांतून वाचावा.

शुभाशुभाच्या भावनेनें तर आपण शब्द उलटेहि केले आहेत. देवापुढें नारळ 'वाढवितात', तो फुटतो. रात्रीं दिवा 'वाढवितात', तो विझतो. बांगडी 'वाढते', ती पिचते. आणि पंगतींत पान 'वाढतात', तेव्हां मात्र पोट भरतें. निरोप घेतांना घराबाहेर पाऊल टाकणारा मनुष्य "जातों" असें कधीं म्हणत नाहीं. तो "येतों" म्हणतो. परक्या माणसानें कोश उघडून या "येतों"चा अर्थ पाहिला, तर तो पाहुण्याची वाट पाहत ओटीवरच बसून राहील. मोल्सवर्थसाहेबांनीं १८३१ सालीं मराठीचा मोठा कोश केला आणि १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति काढली. त्यांत नुसत्या शब्दार्थावर न थांबतां जागोजाग वाक्प्रचार दिले आहेत, ते उगाच नव्हेत. आमची भाषा शिकतांना साहेबाला जो घाम फुटला असेल, तोच आज आमच्या मुलाला त्याची भाषा शिकतांना फुटतो.

ज्यांनीं संस्कृत केलें आहे, अशा घरांतील वडील मंडळींना तर हा विषय समजावयास अगदींच सोपा आहे. 'हृ' हा धातु घ्या. अर्थ, नेणें किंवा हरण करणें. 'प्र' लावला, प्रहार झाला; 'आ' लावला, आहार झाला; 'सम्' लावतांच संहार, 'वि' लावतांच विहार आणि 'परि' लावतांच परिहार. मारणें, जेवणें, नाश करणें, फिरणें आणि निवारण करणें, इतक्या निरनिराळ्या वाटांनीं एकच धातु गेला, तो केवळ उपसर्गानें त्याचा हात धरून नेला म्हणून. संस्कृतांत असे २२ उपसर्ग मोजतात. इंग्रजीचे 'अप', 'आउट', 'ऑफ' हे त्याच जातीचे. फरक इतकाच कीं, संस्कृतांत उपसर्ग धातूच्या आधीं चालतो आणि इंग्रजींत तो मागून चालतो.

हा फरकहि वाटतो तितका परका नाहीं. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायांतील चौथ्या पादांत, सूत्र ८० पासून ८२ पर्यंत, याचीच व्यवस्था लावली आहे. उपसर्ग धातूच्या आधीं येतात असें प्रथम सांगून लगेच तो म्हणतो कीं, वेदांत ते धातूच्या नंतरहि येतात, आणि मध्यें दुसरे शब्द येऊन तुटलेलेहि आढळतात. 'पुट द लॅम्प आउट' या वाक्यांत 'पुट' आणि 'आउट' यांच्यामध्यें दिवा आडवा आलेला पाहून आमचे विद्यार्थी बावचळतात. पण त्यांचे आजोबा देवघरांत वेदमंत्र म्हणतांना हाच प्रकार नित्य उच्चारीत आले आहेत. घरांतील आजोबा आणि नातू यांनीं एकमेकांशीं या विषयावर बोलावें, अशी ही जागा आहे.

लॅटिन भाषेची रीति संस्कृतासारखीच. 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणें, त्यावरून 'पोस्टपोन'. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, त्यानंतर फ्रेंच आणि तिच्यामागून लॅटिन शब्दांचा पूर तेथें आला. दरबारांत, न्यायालयांत आणि ग्रंथांत त्या शब्दांना मान मिळाला. घरांत आणि शेतावर मात्र जुनीं साधीं क्रियापदेंच आपल्या लहान सोबत्यांसह राबत राहिलीं. आपण 'भक्षण करणें' पोथींत म्हणतों आणि पानावर बसल्यावर 'खाणें' म्हणतों, तसेंच हें. आमच्या लोकांनीं इंग्रजी घेतली ती पुस्तकांतून. म्हणून आम्हांला 'पोस्टपोन' सोपें आणि 'पुट ऑफ' अवघड. इंग्रज बालकाला नेमकें उलट. आपल्याकडे तर 'पोस्टपोन'च्या धर्तीवर 'प्रीपोन' हा शब्दहि चांगला रुळला आहे. इंग्रज मनुष्य त्या ठिकाणीं 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणतो. उपसर्ग आधीं लावण्याची आमची संवय त्यांत दिसून येते.

मग हीं जोडक्रियापदें शिकावीं कशीं? त्यांचे स्वतंत्र कोश निघाले आहेत आणि त्यांत नोंदी हजारांनीं आहेत. त्या पाठ करूं जाणारा चार दिवसांत कंटाळतो. आमच्या मतें, क्रियापद धरून न बसतां मागच्या लहान शब्दाची मूळ दिशा मनांत ठसवावी. त्या रात्रींच्या संदेशांतले शब्दच उदाहरणादाखल घेऊं.

'आउट' म्हणजे बाहेर. जें आंत दडलेलें असतें तें बाहेर आलें कीं कळतें. म्हणून 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणें, 'पॉइंट आउट' म्हणजे दाखवून देणें. आमचें 'काढणें' तेंच काम करतें. याच्या उलट, जें आंत असावयास हवें तें बाहेर गेलें कीं संपतें. म्हणून दिवा विझतो तो 'गोज आउट', डब्यांतील साखर सरते ती 'रन्स आउट', आणि माणसाची शुद्ध हरपते तेव्हां तो 'पासेस आउट'. 'अवे' या शब्दांत अंतर आहे, दूर निघून जाणें आहे. म्हणून मृत्यूला 'पास अवे' म्हणतात. आपणहि नाहीं का "ते गेले" असेंच म्हणत? बाहेर गेलेला अंगणांतच असूं शकतो. दूर गेलेल्याचें तसें नाहीं. एवढा भेद ध्यानांत असता, तर आमच्या घरचा त्या रात्रींचा भात वायां गेला नसता.

'राउंड' म्हणजे वळून. 'कम राउंड'चे तीन अर्थ होतात: शुद्धीवर येणें, आपलें मत सोडून दुसऱ्याचें कबूल करणें, आणि शेजारपाजारीं सहज जाऊन येणें. तिन्हींत कोणीतरी वळून येत आहे. एकांत शुद्ध, दुसऱ्यांत मन आणि तिसऱ्यांत शेजारीण. 'थ्रू' म्हणजे आरपार. दुखणें किंवा संकट ही एक खिंड आहे, तिच्यांतून पलीकडे निघणें म्हणजे 'पुल थ्रू'. आमच्या 'पार पडणें' आणि 'निभावणें' यांचें हें सख्खें भावंड. 'इन' म्हणजे आंत. शाळा सुटल्यावर खोडकर मुलाला मागें ठेवतात तें 'कीप इन', आणि रोग्याला इस्पितळांत ठेवून घेतात तेंहि 'कीप इन'.

'ऑफ' म्हणजे सुटून, अलग होऊन. अंगावरचा कोट उतरविणें 'टेक ऑफ', आणि विमान जमिनीपासून सुटतें तेंहि 'टेक ऑफ'. प्रवासाला निघणें 'सेट ऑफ', आणि निघालेल्याला पोंचवावयास जाणें 'सी ऑफ'. 'पुट ऑफ' म्हणजे ठरलेल्या दिवसापासून उचलून पुढें ठेवणें. 'कॉल ऑफ' म्हणजे बेतच मोडणें. या दोहोंतला फरक संसारी माणसानें नीट ओळखावा. कार्य 'पुट ऑफ' झालें तर मांडवाचें सामान झांकून ठेवावें. 'कॉल ऑफ' झालें तर आलेले आहेर परत करावे.

'अप' हा सर्वांत खट्याळ. मूळ अर्थ वर. 'गेट अप' उठणें, 'स्टँड अप' उभें राहणें. भांडें भरत भरत पाणी कांठाशीं वर आलें कीं काम पुरें झालें. त्यावरून 'अप' पुरेपणा दाखवितो. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणें, 'यूज अप' म्हणजे वापरून संपविणें. येथें आमचें 'टाकणें' त्याच्या जागीं चपखल बसतें. लहानाचें मोठें करणें तें 'ब्रिंग अप'. पण 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणें सोसणें, हें नुसत्या दिशेवरून कोणालाहि उमगणार नाहीं. अशा ठिकाणीं तर्क थांबतो आणि पाठांतर सुरू होतें. तर्कानें निम्मी वाट सरली तरी पुष्कळ झालें, असें समजावें.

दोन नियम मात्र मुलांकडून घोटून घ्यावे. पहिला असा: दिव्याचें नांव घेतलें तर 'पुट आउट द लॅम्प' आणि 'पुट द लॅम्प आउट' हीं दोन्हीं वाक्यें चालतात, पण दिव्याच्या जागीं सर्वनाम आलें कीं तें मध्येंच बसलें पाहिजे, 'पुट इट आउट'. 'पुट आउट इट' असें इंग्रज कधीं म्हणणार नाहीं. याला अपवाद अशा जोड्याहि आहेत, ज्यांच्या मध्यें कोणी शिरूं शकत नाहीं: 'लुक आफ्टर' सांभाळणें, 'लुक फॉर' शोधणें, 'लुक इन्टू' चौकशी करणें. सासूबाईंना सांभाळावयाचें तें 'लुक आफ्टर हर'; तेथें 'हर' शेवटींच. दुसरा नियम कानाचा: 'पुट इट आउट' असें बोलतांना जोर 'आउट'वर पडतो, आणि 'लुक आफ्टर हर' म्हणतांना तो 'लुक'वर पडतो. मोठ्यानें वाचून घेतल्यावांचून हें अंगवळणीं पडत नाहीं.

तसेंच, मागचा शब्द आधीं घेऊन जोडला तर अर्थ कोठल्या कोठें जातो, तेंहि मुलांना दाखवावें. 'लुक ओव्हर' म्हणजे नजर फिरवून तपासणें, आणि 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेंतून सुटणें. 'सेट अप' म्हणजे उभारणें, आणि 'अपसेट' म्हणजे उलथून पाडणें.

पुतण्याच्या बाजूनेंहि एक शब्द बोललें पाहिजे. पदवीधर झाल्यावर 'पास आउट झालों' म्हणणें ही आमच्या देशाची रूढि आहे, आणि तिला मुळीं आधारच नाहीं असें नव्हे. लष्करी शाळांत शिक्षण पुरें करणाऱ्या छात्रांच्या अखेरच्या संचलनाला इंग्लंडांतहि 'पासिंग आउट'च म्हणतात. खडकवासल्याच्या प्रबोधिनींतील 'पासिंग आउट परेड' तर वर्तमानपत्रें वाचणाऱ्या सर्वांच्या परिचयाची आहे. तेव्हां मुलाचा अर्थ खोटा नव्हता. तो त्या वाक्याला लागू नव्हता. भाषा शिकणाऱ्याची खरी परीक्षा येथें असते. शब्दाला किती अर्थ येतात यापेक्षां येथें कोणता बसतो, हें सारें वाक्य, किंबहुना सारें पत्र वाचल्यावांचून कळत नाहीं.

हें लिहितांना आम्हांला आमच्याच जिल्ह्यांतील एका थोर पुरुषाचें स्मरण होतें. देवगड तालुक्यांतील पोंभुर्ले गांवीं १८१२ सालीं जन्मलेले बाळशास्त्री जांभेकर मुंबईस जाऊन इंग्रजी शिकले आणि ६ जानेवारी १८३२ रोजीं त्यांनीं 'दर्पण' पत्र काढलें. त्यांत एका बाजूस इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभांत मराठी मजकूर असे. त्या वेळीं ते अवघे वीस वर्षांचे होते, आणि १८४६ सालीं वयाच्या चौतिसाव्या वर्षीं ते निवर्तले. दोन भाषा शेजारीं शेजारीं मांडून दोन्हींकडे सारख्याच आदरानें पाहावें, हा कित्ता त्यांनीं आमच्या पुढें ठेविला. एका शब्दासमोर दुसरा शब्द ठेवला म्हणजे भाषांतर होत नाहीं. एका विचारासमोर तोच विचार दुसऱ्या भाषेच्या वेषांत उभा करावा लागतो.

आमच्या घरांत आतां एक साधी रीत पाडली आहे. जेवणानंतर मुलें ओटीवर जमतात आणि आठवडाभर एकच लहान शब्द घेतात. 'आउट'चा आठवडा असला कीं दिवसभरांत भेटलेलीं 'आउट'चीं वाक्यें प्रत्येकानें सांगावयाचीं, आणि त्यांना आपल्या बोलींतलें जोडक्रियापद शोधावयाचें. यादी पाठ करावयाची नाहीं, वाक्य सांगावयाचें. आबा मधूनच एखादा संस्कृत उपसर्ग पुढें करतात आणि मुलें त्याला इंग्रजी जोड शोधतात. या मंडळाचें प्रमुखपण धाकट्या भावजयीकडे आहे. घरांत ज्याला जें येतें, त्याला तें विचारावें, मग तो स्वयंपाकघरांत असो कीं ओटीवर. हा त्या रात्रीचा दुसरा धडा आम्ही विसरलों नाहीं. तिसरा धडा सर्वांत सोपा: दूरदेशींचें पत्र वा संदेश आला तर तो शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्यावांचून कोणीहि तोंड उघडूं नये. "काळजी नसावी" हे शब्द त्या संदेशांत होते. आम्ही तेथपर्यंत पोंचलोंच नव्हतों.

आत्या दिवाळीनंतर परत आली. चार दिवस कसालास राहून ती मालवणास निघाली, तेव्हां तिला तिठ्यावर एस. टी.मध्यें बसवून देण्यास आम्ही गेलों, पुतण्याहि आला. "आत्याआजी, आय हॅव कम टू सी यू ऑफ," तो ऐटीनें म्हणाला. "म्हणजे रे काय?" आत्यानें विचारलें. "तुला पोंचवायला आलों," तो म्हणाला. या खेपेस अर्थ बिनचूक होता. आत्या खिडकीशीं बसली, पदर सारखा केला, आणि गाडी सुटतां सुटतां म्हणाली, "बरं, येत्यें हो!"